अवकाळी सरीची ओटी

भर जानेवारीत अवकाळी पावसाची एक सर गडावरच्या तंबूत शिरली, कोपऱ्यात बसली आणि निघायचं नाव घेईना. बाहेर आभाळ निवळलं होतं. तिच्याबरोबरचे ढग केव्हाच दरी ओलांडून कोकणात उतरले होते. ही मात्र दोन सॅकच्या शेजारी, पाटाएवढ्या जागेत, बेताबेताने पडत होती.

तंबू कुमुदताई आणि त्यांची सून इरावती यांचा. जेमतेम दोन दिवसांची भटकंती, त्यातला पहिला दिवस गारांनी खाल्ला आणि दुसरा हिने. कुमुदताईंचा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली होती. येत्या मार्चमध्ये इरावतीचं लग्न होतं. स्थळ कुमुदताईंनीच आणलं होतं आणि पेढेही त्यांनीच सगळ्या सोसायटीत मिरवत वाटले होते. एकच गोष्ट त्यांच्याने विचारवत नव्हती. लग्नानंतर ही आपल्या घरी येईल का, आणि आली तर कोण म्हणून येईल? तेवढं विचारायला त्या गुडघ्यांना पट्टे बांधून गड चढल्या होत्या. आता परक्या सरीसमोर कसं विचारणार?

"जा गं बाई आता," इरावती सरीला म्हणाली. सर जोरात पडायला लागली.

"जा काय? दारी आलेल्या बाईला कुणी जा म्हणतं का?" कुमुदताई दटावून म्हणाल्या.

"आई, तिनं माझी स्लीपिंग बॅग भिजवलीय."

"भिजवेल नाही तर काय करेल? पाऊस आहे ती."

इतक्यात वनरक्षक ढेबे फेरीवर आले. त्यांनी बूट बाहेर काढले आणि वाकून आत पाहिलं.

"मुक्काम दोघींचा लिवलाय. ही तिसरी कोण?"

"पावसाची सर आहे," इरावती म्हणाली.

"ते दिसतंय. पण वर राहायचं तर ओळखपत्र लागतंय. हिच्याकडं असंल?"

नव्हतं. ढेब्यांनी खेदाने मान हलवली. "मग दिस बुडायच्या आत हिला काढा. न्हाईतर तंबू उचलून तुमी बी खाली चला."

"ती जायलाच तयार नाही हो."

कुमुदताई मघापासून सरीकडे बघत होत्या. बिचारी बिनमोसमाची. जाईल तिथे लोक बोटं मोडणार. मोहोर झडला, हिच्यामुळे. कांदा सडला, हिच्यामुळे. पुन्हा ये म्हणणारं एक घर नाही. निघायचं तरी कुठल्या तोंडाने?

"हिची ओटी भरून पाठवते," त्या म्हणाल्या.

ढेब्यांनी टोपी काढली. "त्याला सवाष्ण पायजे. माझी मंडळी खाली गावात हाय."

"आम्ही दोघीही सवाष्ण नाही. पण हिला तरी कुठे नवरा आहे?"

ढेब्यांनी यावर बराच विचार केला आणि हरकत नसल्याचं सांगितलं.

नारळ नव्हता, पण खोबऱ्याची वाटी होती. खणाऐवजी इरावतीने आपला नवाकोरा रुमाल दिला. तांदूळ रात्रीच्या खिचडीचेच. नवरा गेल्यापासून कुमुदताईंनी कुणाची ओटी भरली नव्हती, कुणी बोलावलंही नव्हतं. त्यांनी ओंजळभर तांदूळ घेतले. सरीने जरा रुंद होऊन पदर पुढे केला.

"पुन्हा ये हो," कुमुदताई म्हणाल्या. "मोसम बघत बसू नकोस. आमचं घर मिरजेला, तळमजल्यावर आहे."

सरीने रीतीप्रमाणे चार थेंब त्यांच्या तळहातावर परत ठेवले. ढेब्यांनी तंबूचं दार धरलं. ती बाहेर पडली आणि ओटी सांभाळत कातळावरून दरीत उतरली. ढेबेही बूट घालून पुढच्या फेरीला गेले.

इरावती ओल्या कोपऱ्याकडे बघत बसली होती.

"आई, तांदूळ उरलेत?"

"आहेत ओंजळभर. आजची खिचडी होईल."

"माझीही ओटी भरा ना."

"अगं, माझ्या हातची? तुझं लग्न तोंडावर आलंय. लोक काय म्हणतील?"

"तुमच्याच हातची हवी." इरावतीने जॅकेटची कड पुढे ओढून धरली. "सून म्हणून आता कसं यायचं, मला कळत नाही. लेक म्हणून येईन. पण तुम्ही बोलवाल की नाही, याचीच इतके दिवस भीती वाटतेय."

कुमुदताईंना समोरचं दिसेना. त्यांनी चाचपडत पिशवी उचलली आणि होते नव्हते तेवढे तांदूळ तिच्या जॅकेटच्या ओच्यात ओतले. "येशील ना गं?" हे त्यांना शेवटी विचारता आलं, पण तोवर विचारायची गरज उरली नव्हती.

इरावतीने ओटीतले चार दाणे उचलून त्यांच्या हातावर परत ठेवले. हात अजून ओला होता. दाणे चिकटून राहिले.