मोठ्या माणसांचा झोका

हिंगणघाटला आमच्या शेजारी राहणाऱ्या कुसुमताई थूल यांच्या घरात खुर्ची नाही. बैठकीत एक रुंद लाकडी झोका आहे. गॅस सिलिंडरवाला येवो की नगरसेवक, त्याला तिथेच बसावं लागतं. ताई समोर जमिनीवर बसून हलकेच झोका देतात. नगरसेवक एकदा काहीतरी महत्त्वाचं सांगत होते. मध्येच विसरले आणि डोळे मिटून बसून राहिले.

“माणूस टांगला की शांत होते,” हे ताईंचं निदान. त्या सरकारी परिचारिका होत्या. समुद्रपूरकडच्या खेड्यांत तान्ह्या बाळांना झोळीत घालून, काट्याला टांगून त्यांनी वर्षानुवर्षं वजनं केली. इतरांकडे बाळं झोळीत रडतात. ताईंकडे म्हणे गप्प होत. मग मोठ्यांनीच काय घोडं मारलंय, असं त्यांना वाटे.

निवृत्तीनंतर एका सकाळी त्या नदीकाठच्या बागेत मुलांच्या झोक्यावर बसल्या. रखवालदाराने उठवलं. त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. वेणा नदीच्या काठी मोठ्यांसाठी झोका हवा, दोघं बसतील एवढा. नगरपालिकेने जागा देऊ केली, पैसे नव्हते.

मी बँकेत कारकून. इंटरनेटवर अनोळखी लोकांकडूनही वर्गणी मागता येते, हे मी सांगितलं. तिथे आपलं एक पान उघडायचं, काम लिहायचं, फोटो टाकायचा, किती रक्कम किती दिवसांत हवी ते कळवायचं. ज्याला जे जमेल ते तो देतो. आम्ही निवडलेल्या संकेतस्थळाचा नियम कडक होता. मुदतीत पूर्ण रक्कम जमली तरच मिळणार, नाहीतर ज्याची त्याला परत.

ताईंनी वर आपली एक अट घातली. पैसे देणाऱ्याने, आपण शेवटचं झोक्यावर कधी बसलो, ते लिहायचं. अशाने लोक पळतील, असं मी म्हटलं. त्या ऐकेनात.

लोक लिहू लागले. कोणी चिंचेच्या फांदीबद्दल, कोणी माहेरच्या नागपंचमीबद्दल. एका बाईने दहा रुपये दिले आणि लिहिलं, “मले कोणी बस म्हटलंच नाई.” ताई रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन हे वाचून दाखवत, प्रत्येकाला सावकाश उत्तर लिहीत. वाचता वाचता थांबत. मग माझ्या बैठकीतही कुठूनतरी दोर करकरल्यासारखा वाटे.

मुदत संपत आली तेव्हा एका व्यापाऱ्याने उरलेली सगळी रक्कम देऊ केली. झोक्यावर दुकानाचं नाव घाला म्हणाला. त्यालाही ताईंनी तोच प्रश्न विचारला. त्याला तो वायफळ वाटला. ताईंनी नकार दिला. मी चिडलो.

रक्कम कमी पडली. सगळ्यांचे पैसे परत गेले. मी समजूत घालायला गेलो, तर ताई मोबाईलकडे बघत बसलेल्या.

“पैसे जाऊ दे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हे पान बंद झालं तं हे लोकं कुठं जातीन?”

तेव्हा लक्षात आलं, त्यांचा फोन वाजलेला मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. पान बंद व्हायच्या आत आम्ही दोघांनी बसून प्रत्येकाला शेवटचा निरोप धाडला. त्यात ताईंच्या घरचा पत्ता होता आणि एवढंच: “इकडं आले तं येजा.”

दोन-तीन आठवड्यांनी मी रविवारच्या चहाला गेलो. उंबऱ्याशी अनोळखी चपला होत्या. आतून दोन बायकांचं हसू ऐकू येत होतं. ताई लगबगीने दाराशी आल्या.

“पत्ता वाचून आली, आर्वीहून,” त्या हळूच म्हणाल्या. “लई बोलाचं आहे तिले. तू उद्या येजो.”

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं.