द्वारकाकाकींकडे ठेवलेले तारे

म्हाळुंगसड्यावर दर घरामागे एक तारा आहे, आणि तो रोज कोणी बघितला नाही तर आठवडाभरात विझतो. तारा विझला की त्या घराला गावची वाट सापडत नाही. माणसं एसटीने येतात, भलत्याच फाट्यावर उतरतात, बराच वेळ उन्हात उभी राहतात आणि परत जातात. पावसाळ्यात ढग असताना न बघितलेलं चालतं. दुसरी सवलत नाही.

गाव उशिरा वसलं, त्यामुळे ठळक तारे खालच्या गावांनी आधीच घेतलेले होते. सड्याच्या वाट्याला उरलेले आले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. म्हणून ग्रामपंचायतीने फार पूर्वी एक मोठी दुर्बीण घेतली, दोन्ही डोळ्यांनी बघायची. ती भरल्या हंड्याइतकी जड आहे. अंगणात बाज टाकायची, तीन बांबूंच्या तिकाटीला दुर्बीण टांगायची आणि खाली उताणं पडून बघायचं, अशी पद्धत.

हे काम आता एकट्या द्वारकाकाकी सपकाळ करत. मुंबईला जाताना प्रत्येक घर आपल्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे ठेवून गेलं, आणि उंबऱ्यावरून पाय काढता काढता "तेवढं ताऱ्याकडंबी बघा" असं म्हणून गेलं. पहिली दोन घरं गेली तेव्हा काकींना त्यात काही वाटलं नाही. नंतर सगळीच गेली. शेजाऱ्याने बघितलं तरी तारा टिकतो, पण जेमतेम.

दिवस मावळला की काकी दिवा मालवून डोळे अंधाराला सरावू देत. मग मोऱ्यांचा तारा, शेलारांचा, गुरवांचा, असं एकेक घर घेत. फिकट तारा थेट बघितला तर दिसत नाही. जरा बाजूला बघावं लागतं, जेवत्या पाहुण्याकडे बघतात तसं. स्वतःचा तारा त्या सगळ्यात शेवटी घेत. तोवर मान आखडलेली असे आणि झापड आलेली असे. त्यामुळे गावात सगळ्यात फिकट तारा सपकाळांचा होता.

काकींचा डावा डोळा पूर्वीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला. तालुक्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आणखी थांबलात तर हाही जाईल. ऑपरेशननंतर दहा दिवस पट्टी, दुर्बीण बंद, आणि घरी कोणी नाही म्हणून मुक्काम दवाखान्यातच.

काकींना ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती परत येण्याची. तेवढ्या दिवसांत स्वतःचाच तारा विझला, तर एसटी फाट्यावरून पुढे निघून जाणार आणि आपल्याला कळणारही नाही. सड्याशिवाय त्यांना जायला दुसरं घर नव्हतं.

चैत्रात यात्रेला सगळे मुंबईकर आले, तेव्हा पालखी झाल्यावर काकींनी देवळात विषय काढला. अध्यक्षस्थानी मुंबई मंडळाचे दिनकर मोरे होते.

"दहाच दिस," काकी म्हणाल्या. "कुनीतरी एकानं ऱ्हावा. माझ्याच्यानं आता हुईना."

"रजा कुठंय, काकी?" दिनकर म्हणाला. "यात्रेलाच कशीबशी काढलीया."

शेलारांच्या सुनेने कॅमेरा बसवायचं सुचवलं.

"कॅमेऱ्यानं बघितलेलं तारं जमेस धरत न्हाईत," काकी म्हणाल्या. "खालच्या वाडीनं करून बघितलं. आता त्यांची मानसं दुसऱ्याच वाडीत जाऊन बसत्यात."

विषय गंभीर आहे, हे सर्वांनी मान्य केलं. चर्चेअंती काकींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा असं एकमताने ठरलं, आणि वेळेअभावी तो तिथल्या तिथे उरकण्यात आला.

निघण्यापूर्वी आपापला तारा बघून जावा म्हणून सगळे काकींच्या अंगणात जमले. काकी नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या आणि कोणी कुठे बघायचं ते सांगत राहिल्या. एकेक जण बाजेवर पडून बघत होता.

"वा," दिनकर म्हणाला. "काय ठेवलाय, काकी."

"गेल्या सालापरीस तेज वाटतोय," त्याची बायको म्हणाली.

गुरवांच्या म्हाताऱ्याने तर बघता बघता हात जोडले. मग गाड्या सुटल्या, अंगण मोकळं झालं आणि काकी रोजच्या कामासाठी बाजेवर आडव्या झाल्या. त्यांना काहीच दिसेना. डोळा गेला असं समजून त्या थोडा वेळ तशाच पडून राहिल्या. मग त्यांनी दुर्बिणीवरून हात फिरवला. पुढच्या दोन्ही काचांवरची झाकणं तशीच होती. संध्याकाळपासून ती कोणी काढलीच नव्हती.

काकींना राग यायला हवा होता, पण तेवढा जीव राहिला नव्हता. त्यांनी झाकणं काढली आणि मोऱ्यांचा तारा घेतला. तो थेट बघूनही दिसत होता. शेलारांचा तसाच. गुरवांचा तर इतका ठसठशीत, की आधी त्यांना तो दुसऱ्याच गावाचा वाटला. घरच्यांनी झाकणाकडे बघून जे केलं होतं, ते काकींना इतक्या वर्षांत काचेतून जमलं नव्हतं. सपकाळांचा तारा तेवढा होता तसाच होता. काकींना रडू आलं. काचेवर डाग पडेल म्हणून त्यांनी तोंड बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिनकरला फोन लावला.

"तारा दिसायची गरज न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसतं बघायचं. मुंबईत खिडकीत उभं ऱ्हायाचं, गावाकडं तोंड करायचं, आन् आपला म्हनून वर बघायचं. तेवढ्यावर भागतंय."

"एवढंच?" दिनकर म्हणाला. "मग काय, बघतो की. ग्रुपवर टाकतो सगळ्यांच्या."

त्याने ते खरोखरच टाकलं. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

दवाखान्यात रोज अंधार पडला की काकी कॉटच्या कडेला सड्याकडे तोंड करून बसत आणि पट्टी बांधलेला डोळा वर करत.

"आजी, काय बघताय?" सिस्टरने विचारलं.

"माझा तारा."

"दिसतोय का?"

"न्हाई."

"बरं, बघा. पण जेवण गार होतंय," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या कॉटकडे गेली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकींना बघायला दुसऱ्या कोणाचा तारा नव्हता. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

सुट्टी मिळाल्यावर त्या एसटीने निघाल्या. पिशवी छातीशी धरून, काळ्या चष्म्यातून त्या प्रत्येक वळण तपासत होत्या. एका ठिकाणी त्या उठल्या आणि त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

"इथं फाटा नाही, आजी," कंडक्टर म्हणाला.

"हाय," काकी म्हणाल्या आणि उतरल्या. फाटा होता.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी पुन्हा बाज टाकली. सपकाळांचा तारा थेट दिसला, भाकरीच्या पिठासारखा पांढरा. मग त्यांनी दुर्बीण मोऱ्यांकडे वळवली, मग शेलारांकडे, मग गुरवांकडे. त्या जागा पुसल्यासारख्या काळ्या होत्या. काकींनी झाकणांना हात लावून बघितला. झाकणं काढलेली होती.

पुढच्या चैत्रात यात्रेला कोणी आलं नाही. पालखी एकटीला उचलणार नव्हती, म्हणून काकींनी देवाला जागेवरच हळदकुंकू वाहिलं आणि सत्काराचा नारळ पुढे ठेवला. तो आतून खुळखुळत होता. अंधार पडायला दिनकरचा फोन आला.

"काकी, फाटाच घावंना. सकाळधरनं फिरतोय. मोबाईल म्हनतोय पोचलात, आन् समोर नुसता ऊस. शेलारांची गाडीबी हितंच हुबी हाय."

"पोरं उपाशी असतील," काकी म्हणाल्या. "जावा माघारी."

"जातो. पुढच्या साली बघू." फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं. "काकी, आमचा तारा बरा हाय न्हवं?"

काकींनी मान वर करून तिकडे बघितलं.

"बरा हाय," त्या म्हणाल्या.

"तेवढं लक्ष असू द्या."

"व्हय."

त्यांनी फोन ठेवला. खुंटीवरच्या सगळ्यांच्या किल्ल्या काढून उशाशी घेतल्या, बाजेवर आडव्या झाल्या, आणि एकच तारा बघायचा असल्यामुळे लवकर झोपल्या.