अस्वलाला भेटायचा नंबर

गोपीनाथशेठना मी ती कल्पना सुचवली नसती, तर आमच्या घरातल्या भिंतीवर आज अस्वल नसतं. पण मला गप्प बसवत नाही, हा माझा जन्मापासूनचा आजार आहे. (आई म्हणते, मी डॉक्टरांच्या आधी बोलले. आईला वाढवून सांगायची सवय आहे. डॉक्टर नव्हतेच, सुईण होती.)

ही गोष्ट १९९४च्या मे महिन्यातली. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला आमची भाताची शेतं होती. ती बाबांनी आणि गावातल्या आणखी काही जणांनी भाड्याने दिली आणि ठाण्यातल्या नौपाड्याच्या गोपीनाथशेठनी तिथे ‘मौजनगरी’ उभी केली. पाळणे, पाण्याची घसरगुंडी, छोटी आगगाडी आणि मधोमध लाल मखमलीचं स्टेज. स्टेजवर सिंहासन, आणि सिंहासनावर भोलू अस्वल. म्हणजे अस्वलाच्या पोशाखात आमच्या गावचा नामा. लोकांनी वर जायचं, अस्वलाशी हात मिळवायचा, फोटो काढायचा आणि खाली उतरायचं.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन, वर डोंबिवलीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी बसले होते. घरी बसलेल्या मुलीसाठी जगात एकच जागा रिकामी असते, असं बाबांचं मत होतं, आणि ती जागा खडवलीला होती. म्हणजे खडवलीचा एक मुलगा होता. वीटभट्टी, दोन ट्रक आणि मिशी. तो लवकरच मला बघायला येणार होता.

मी तडक शेठकडे गेले.

“शेठ, तुमच्या अस्वलासमोर मारामारी होणार.”

“का गं? त्याने काय केलंय?”

“त्याने नाही, लोक करतील. रॉकेलच्या रांगेत करतात तशीच. रांगच ठेवू नका. डिजिटल नंबर लावा. गेटवर चिठ्ठी द्यायची, स्टेजवर लाल दिव्यांचा बोर्ड. ज्याचा आकडा पेटेल त्याने यायचं. तोवर बाकीच्यांनी पाळण्यात बसावं, भेळ खावी.”

शेठ बाकी सगळं ऐकून घेत होते, पण ‘भेळ खावी’वर त्यांचे डोळे पेटले. भेळेचा स्टॉल त्यांच्या मेहुण्याचा होता.

आठवड्याभरात बोर्ड आला. नौपाड्यातल्या एका दातांच्या डॉक्टरकडून, जुना, पण चालू. बटण दाबलं की ‘टुंग’ वाजायचं आणि आकडा पुढे सरकायचा. (उद्घाटनाच्या दिवशी ठाण्याहून आलेले काही जण प्रत्येक ‘टुंग’ला गालावर हात ठेवत होते, ते त्यामुळेच.) शेठनी मला सांगितलं, “हे बघ तुळसा, पहिला रविवार नीट गेला तर तुझी नोकरी पक्की. पण गावकरी रुसले तर तूही घरी आणि मीही घरी. आपला रस्ता त्यांच्या शेतातून जातो.”

मी घरी येऊन बाबांना विचारलं, “नोकरी पक्की झाली तर खडवली रद्द?”

“बगू,” बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडचं ‘बगू’ म्हणजे जवळजवळ स्टॅम्पपेपर.

रविवारी अख्खं गाव आलं. नुसतं आलं नाही, नटून आलं. बायका हिरव्या साड्यांत, अंबाड्यावर वेण्या, गळ्यात सोनं. पुरुष पांढऱ्या कडक शर्टात. माझी आत्या दगडाबाई तर स्टीलचा मोठा डबा घेऊन आली. मला कळेना, अस्वल बघायला एवढा थाट कशाला? मग मी एकदा गावच्या नजरेने स्टेजकडे पाहिलं. लाल मखमल, सिंहासन, त्यावर एक जण न बोलता बसलेला, समोर फोटोग्राफर, आणि लोक एकेक करून वर जाऊन फोटो काढणार. असा प्रकार गावाने आजवर शंभर वेळा पाहिला होता.

“नवरी कुठं हाय गो?” आत्याने विचारलं.

“आत्या, ते लग्न नाही, अस्वल आहे.”

“मंग अस्वलीन कुठं हाय?”

अस्वलीन शोधायला माझ्याकडे वेळ नव्हता. गर्दी आवरायला मी दोरी बांधली होती, दोन वॉचमन उभे केले होते आणि गळ्यात शिट्टी अडकवली होती. जमिनीचे मालक म्हणून पहिली चिठ्ठी बाबांना दिली. मी बटण दाबलं. टुंग! ०१.

बाबांनी बोर्डाकडे पाहिलं. चिठ्ठीकडे पाहिलं. मग गेटकडे पाहिलं. आणि खुर्चीत आणखी ऐसपैस बसले.

“बाबा, तुमचा नंबर.”

“दिसतंय मना.”

“मग उठा!”

“थांब जरा.”

“बाबा, बोर्ड थांबत नाही.”

“मंग त्याला जाऊ दे पुढं. मी कुठं धरून ठेवलाय?”

मी दात खाऊन पुन्हा बटण दाबलं. ०२ आत्याचा. आत्या म्हणाली, “कालू उठला नय, न मी कशी उठू? मोठा भाऊ हाय माझा.” ०३ आत्याच्या जावेचा. ती म्हणाली, “दगडाबाय बसलीय न मी मिरवत जाऊ?” ०४ने ०३कडे बोट दाखवलं, ०५ने ०४कडे. धक्काबुक्कीची मी जय्यत तयारी केली होती. कोणी उठलंच नाही तर काय करायचं, हे डिप्लोमात नव्हतं.

त्या दिवशी डोंबिवलीकरांनी माझी लाज राखली. त्यांचा आकडा पेटला की कुटुंबच्या कुटुंब एका ‘टुंग’मध्ये उठायचं, फोटो काढायचं, अस्वलाला ‘थँक्यू’ म्हणायचं आणि उतरायचं. एका आजोबांनी तर अस्वल वेळेच्या बाबतीत ढिलं आहे अशी तक्रारही केली. आकडे भराभर पुढे जात होते. पण पुढच्या चार रांगांत माझं गाव हातात चिठ्ठ्या धरून, पंगत उठायची वाट बघावी तसं ढिम्म बसून होतं. शेठ दर थोड्या वेळाने येऊन माझ्या कानाशी म्हणायचे, “रुसलेत का गं? रुसलेत वाटतं.”

मी गावासमोर उभी राहून भाषण केलं. शिस्त, विज्ञान, येणारं एकविसावं शतक. आत्या म्हणाली, “घसा सुकल तुजा. पानी पी.”

बाबा मात्र गेटकडेच बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दामाजीकाका!

दामाजीकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. माझ्या ताईच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत छापलं गेलं होतं. वर कोणीतरी सरपंच आणि कोणीतरी पतपेढीचे अध्यक्ष. “माझ्या घरच्या कार्यात माझा नंबर तिसरा?” असं म्हणून काका उठले, ते आमच्या उंबऱ्यावर पुन्हा आले नाहीत. ताईचा मुलगा आता शाळेत जातो. तेवढी वर्षं एका गावात, एका विहिरीवर दोन भाऊ एकमेकांकडे न बघता जगत होते. मला विचाराल तर दोघांनाही कान धरून एका खोलीत कोंडायला हवं होतं. मी तसं घरी सुचवलंही होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात स्टेजवर गोंधळ झाला. आत्या वर चढली होती. नंबर लागला म्हणून नाही, तर “बिचारा सकालधरना उपाशी बसलाय” म्हणून. तिने अस्वलाला कुंकू लावलं, डबा उघडला आणि बुंदीचा एक भलामोठा लाडू त्याच्या तोंडात कोंबला. आता अस्वलाचं तोंड म्हणजे नामाची बाहेर बघायची खिडकी. लाडू थेट नामाच्या डोळ्यांत फुटला.

“नको, नको!” अस्वल किंचाळलं.

“आग्रहानं घ्यावा एक,” म्हणत आत्याने दुसरा कोंबला.

स्टेजमागच्या खोलीत नामाने मुंडकं काढून माझ्या पायाशी टाकलं. त्याच्या पापण्यांवर केशरी बुंदी चिकटली होती. “मी निघालो. मारामारी होईल सांगितलेलं तू. लाडूचं नव्हतं सांगितलेलं.” आणि तो गेला.

शेठ रडकुंडीला आले. पोशाख बुटक्या माणसाच्या मापाचा होता, आणि त्या खोलीत बुटकं माणूस एकच होतं. मी शिट्टीसकट आत शिरले, बटण शेठच्या हातात दिलं आणि सिंहासनावर जाऊन बसले. माझ्या बाजूला पाटी होती, मीच रंगवलेली: ‘भोलू बोलत नाही. कृपया आग्रह करू नये.’

मे महिना, अंगावर गादीएवढी लोकर आणि तोंड बंद. यातलं तिसरं सर्वांत कठीण होतं.

शेठ बटण दाबत होते. मी अस्वलाच्या तोंडातून, राहिलेल्या बुंदीतून, वाट काढत बोर्ड बघत होते. ९८. ९९. टुंग! ००.

बोर्डाला आकडे दोनच होते! दातांच्या डॉक्टरकडे दिवसाला शंभर पेशंट कुठून येणार? आणि हे मला, बी.एस्सी. आणि वर डिप्लोमा, आठवडाभरात एकदाही सुचलं नव्हतं. मी पंजा हलवून शेठना खूण केली. शेठनी हसून मलाच हात हलवला आणि बटण दाबलं.

टुंग! ०१.

“माझा नंबर परत लागला,” म्हणत बाबा उठले.

“एकशे एक. यो माझा हाय,” डावीकडून आवाज आला.

दामाजीकाका. पाळण्याचा आवाज घरापर्यंत येतो म्हणून भांडायला आलो, असं त्यांनी गेटवर सांगितलं होतं म्हणे. (भांडायला येताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं.) वॉचमनने भांडण ऐकायच्या आधीच त्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती.

स्टेज बुटकंच होतं आणि सिंहासनासमोर हातभर अंतरावर दोन छोटे जिने होते, एक चढायचा, एक उतरायचा. उजवीकडच्या पहिल्या पायरीशी बाबा, डावीकडच्या पहिल्या पायरीशी काका. गाव श्वास रोखून बसलं.

“तू जा,” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

“तुजा एक हाय. माझा एकशे एक. तू जा.”

“बोर्डावर दोगांचा एकच दिसतंय.”

“बोर्डावर दिसतंय. पत्रिकेत नय दिसला.”

“चुकी झाली, दादा. तवाच बोलाया पायजे होता.”

काकांनी हातातली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

“सकाली पयला नंबर माझाच होता,” बाबा म्हणाले. “गेलो नय. मोठा भाऊ नसताना कसा जाऊ?”

काकांनी रुमाल काढून उगाचच मान पुसली. “आता आलोय ना. मंग जा.”

“तू आदी.”

“तू जा रं.”

“मोठा तू हाईस.”

“न जमीन तुजे नावावर हाय. तू जा.”

भांडण संपलं होतं. डोंबिवलीच्या लहान पोरांनाही ते कळलं होतं. पण पाय कोणाचाच उचलेना. आमच्या घरात सगळी कामं इथवर येतात आणि पहिल्या पायरीवर अडतात. पोशाखाच्या आत मी उकळत होते. एक भाषण घशापर्यंत आलं होतं, असं की दोघांनाही जन्मभर पुरलं असतं. पण भोलू बोलत नाही.

म्हणून भोलू उठला आणि स्टेजच्या कडेशी आला. एका पंजात बाबांची मान धरली, दुसऱ्यात काकांची, आणि दोघांना एकदम, अगदी एकाच क्षणी, वर ओढलं. दोघांची डोकी माझ्या दोन खांद्यांवर आपटली. मी ती तिथेच दाबून धरली. फोटोग्राफरने फ्लॅश मारला.

“लय तापट हाय रं यो,” माझ्या डाव्या खांद्यावरून काका म्हणाले.

“हा,” उजव्या खांद्यावरून बाबा म्हणाले. “पन बोलत नय, ते बरा हाय.”

आणि दोघं हसले. इतक्या वर्षांनी एकाच गोष्टीवर हसले. आत मला घाम येत होता, तो डोळ्यांतूनही येत होता. दोन्ही पंजे गुंतलेले असल्यामुळे पुसता आला नाही.

शेठनी आनंदाच्या भरात बटण दाबलं. ०२. आत्या ओरडली, “झाला गो बायांनो, उठा!” आणि अख्खं गाव एकदम उठलं. दोरी तुटली, वॉचमन खाली बसले, डबे उघडले, कोणीतरी लग्नातले धवले गायला सुरुवात केली. ज्या धक्काबुक्कीसाठी मी शिट्टी आणली होती ती आता सुरू झाली, आणि शिट्टी अस्वलाच्या आत होती.

रात्री काका आमच्याकडे जेवले. जेवता जेवता थोरल्या भावाच्या अधिकाराने त्यांनी जाहीर केलं, “खडवलीला कलवा, घाई नय. पोरगी नोकरी करतंय. तिला वाटंल तवा ती सांगंल.” बाबांनी मान डोलावली. मोठ्या भावाने सांगितल्यावर त्यांना बोलायला जागाच नव्हती. म्हातारी माणसं मला एरवी फार सोसत नाहीत, पण त्या रात्री मी काकांना तीनदा मासे वाढले.

नोकरीही पक्की झाली. सोमवारी मी कडक इस्त्रीची साडी नेसून हजर झाले. बोर्ड डॉक्टरकडे परत गेला होता. टेबलावर अस्वलाचं मुंडकं होतं, धुऊन वाळवलेलं.

“नंबर कोणीही पुकारेल,” शेठ म्हणाले. “असं अस्वल मिळणार नाही.”

पगार ठरला तोच. घरी मी ‘कॉम्प्युटर विभाग’ असं सांगितलंय. (कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असतो, मग ही घामाने निथळत कशी येते, असं आईने दोनदा विचारून झालंय.) त्या दिवशी आत नामाच होता असं गाव समजतं, आणि खरं सांगायची सोय नाही. चारचौघांत आपली मान पोटच्या पोरीने धरली हे कळलं, तर दोन्ही भाऊ एकजुटीने पहिलं काम करतील ते मला खडवलीला पोचवायचं.

तो फोटो बाबांनी मोठा करून ओटीवर लावलाय. आल्यागेल्याला दाखवतात, “यो माझा दादा, यो मी, न मधी ते अस्वल. लय शाना जनावर!” मग पाहुणा विचारतोच, तुळसा दिसत नाही कुठे फोटोत?

“नय ना,” बाबा सुस्कारा सोडतात. “दिसभर तोंडाचा पट्टा चालू होता, न ऐन येलंला पोरगी जाग्यावर नय.”