जबलपुरियावाले गायकवाड काका

सिडकोत माझ्या शेजारच्या घरावर ‘जबलपुरिया’ अशी पाटी आहे. साडीवाले, विमावाले फाटकातूनच हाक मारतात, "शेठजी हैं क्या?" आणि बाहेर येतात लुंगीतले गायकवाड काका. "शेठ नाय, डायनासोर हाय," म्हणतात आणि माणसाला आत बसवून घेतात. तो दोन तास सुटत नाही.

जबलपुरिया हा जबलपूरकडं सापडलेला मांसाहारी डायनासोर. सापडला म्हणजे, त्याचे एक-दोन तुटके मणके सापडले. बस्स. काकांनी सरकारी दवाखान्यात उभी हयात एक्स-रे काढले, त्यामुळे मणका हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. मी वाकून चप्पल घालू लागलो तरी मागून आवाज येतो, "चौथा मणका कुरकुरतोय तुमचा, मास्तर."

टीव्हीवर डायनासोरनं डरकाळी फोडली की काका उसळतात. "आवाज ऐकला कुणी? सबूत काय?"

एकदा मी त्यांना जबलपुरियाबद्दल सांगायला फुलंब्रीला, मी शिकवतो त्या शाळेत नेलं. काकांनी भल्यामोठ्या फळ्याच्या मधोमध दोन मणके काढले आणि खडू खाली ठेवला.

"सर, डोकं काढा ना!" मुलं ओरडली.

"सापडलं नाय."

"मग शेपूट?"

"ती पण नाय."

वर्ग खिदळायला लागला. काका जागचे हलले नाहीत. "हसा की. पण तो होता, एवढं पक्कं. ते आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाय."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं ते दोन मणके वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. काका तिच्याकडं बघत राहिले.

परतताना हर्सूलच्या अलीकडं चहाला थांबलो. काका एकदम म्हणाले, "आम्हाला एक पोरगी झाली होती, मास्तर. पाचव्या दिवशी गेली. फोटो नाय, काय नाय. तुमची काकू होती तवर दोघं मिळून आठवण काढायचो. आता पोरीला बघितलेला मी एकटाच उरलो."

सात वर्षांचा शेजार, पण हे मला ठाऊक नव्हतं.

"दिसायला कशी होती?" मी विचारलं.

काकांनी ग्लास बाकड्यावर ठेवला.

"केस लई होते," ते म्हणाले. "काळेभोर. पार कानावर यायचे."