सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर

नागनाथअप्पांच्या कमरेला बारा महिने सातशे ग्रॅम वजन असतं. ते कुणाला दिसू नये एवढीच त्यांची इच्छा, आणि ते आख्ख्या सेलू गावाला ठाऊक.

वजन म्हणजे त्यांच्या किराणा दुकानातली वजनंच. एक पाचशेचं, एक दोनशेचं. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि लोखंडी वजनं रिकामी पडली. अप्पांनी रेक्झिनचा कप्पा शिवून घेतला, त्यात ती घातली आणि कप्पा सदऱ्याखाली बांधला. कारण त्यांच्या पसंतीचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर साधारण तेवढंच भरतं. रिव्हॉल्वर काही आलेलं नाही. त्याचा परवानासुद्धा नाही. "अंगाला आधी सवय लागली पाहिजे, दत्ता," अप्पा मला म्हणाले होते. "हत्यार काय, मागून येतंय."

मी त्यांचा शेजारी. शाळेत कारकून आहे. बोलतो कमी, त्यामुळे लोक मला शहाणा समजतात. अप्पांनी मला सल्लागार नेमलं तेही त्याच गैरसमजातून. अप्पांच्या पत्नी शांताकाकू वारल्या, मुलगा पुण्याला, त्याचा फोन रविवारी. काकूंच्या माघारी महिनाभरातच अप्पांनी एक दोनशे पानी वही आणली. वर लिहिलं 'तुलना'. तेव्हापासून रोज संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून मला आत बोलावतात.

"पिस्तूल चपटं असतंय, सदऱ्याखाली फुगवटा दिसत न्हाई. पन गोळी अडकली का बसा बोंबलत. रिव्हॉल्वर अडकत न्हाई, पन त्याचं पोट मोठं. माझ्यावानी. सांग, काय घ्यावं?"

"कुणापासून धोका आहे, अप्पा?"

"ते घेतल्यावर कळंल."

आखूड नळी लपते चांगली, पण नेम चुकतो. लांब नळीचा नेम चांगला, पण पोत्यावर बसलं की टोचते. हे ठरवायला अप्पांनी आठवडाभर कमरेला लाटणं खोचून धंदा केला. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणायचे, "पाठ धरलीय." मग पट्ट्यांची तुलना झाली. पोटरीला बांधायचा पट्टा बाद, कारण वाकून काढेपर्यंत दरोडेखोर घरी जाऊन जेवून येईल. छातीवरचा बाद. तिथं गळ्यातलं इष्टलिंग. "देवाच्या शेजारी हत्यार ठेवत न्हाईत." राहिला काखेतला. त्यानं अप्पांना गुदगुल्या होतात. हात काखेत गेला की "हीऽ हीऽ हीऽ" करत बाहेर येतो. एवढ्या खुशीत बंदूक रोखणारा माणूस बघून दरोडेखोर पळेल की टाळी द्यायला पुढे येईल, यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या.

आणि हा माणूस उंदीर मारत नाही. पिंजऱ्यात धरतो, रेल्वेच्या रुळापलीकडं नेऊन सोडतो आणि सोडताना त्याला म्हणतो, "माफ कर बाबा, धंद्याचं घर हाय."

वजनांनी दगा दिला तो वालूरच्या लग्नात. अप्पा नवरदेवाला आहेर द्यायला वाकले, कप्प्याची शिवण उसवली आणि पाचशेचं वजन पायजम्याच्या नाडीवरून घरंगळत थेट नवरदेवाच्या नव्या बुटावर पडलं. नवरदेव एका पायावर नाचला. बँडवाल्यांना वाटलं फर्माइश आहे, त्यांनी वाजवायला घेतलं. गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले, वजन उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. ते वजनमापाच्या खात्यातले साहेब निघाले.

"यावर चालू सालाचा शिक्का नाही."

"साहेब, ते वजन न्हाई. रिव्हॉल्वर हाय."

साहेबांनी अप्पांकडं नीट पाहिलं आणि वजन खिशात घातलं. परतीच्या एसटीत अप्पा उजव्या अंगाला कलून बसले होते. "दत्ता, माझं शस्त्र जप्त झालं." दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातला बत्ता त्यांच्या कप्प्यात गेला. अजून तिकडंच आहे. दसऱ्याला तो दोनशेच्या वजनाशेजारी हळदकुंकू लावून पूजेत असतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. सहा वर्षं गिळून बसलो होतो.

अप्पांनी परवान्याचा अर्ज खरोखरच केला होता. चौकशीला एक हवालदार आले आणि शेजारी म्हणून माझा जबाब घेऊ लागले. मी म्हणालो, माणूस सज्जन आहे. तिथंच थांबायला हवं होतं. पण हवालदार चहा पीत होते, उन्हातून आले होते, आणि मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "फक्त लांबचं दिसत नाही. परवा आमच्या दोरीवरच्या बनियनला 'शरणार्थ' म्हणत हात जोडले. बनियननं उत्तर दिलं नाही म्हणून दोन दिवस रुसले होते."

हवालदार इतके हसले की चहा सांडला. माझ्या बोलण्यावर त्याआधी कुणी हसलेलं मला आठवत नाही. मला चेव आला. उंदराची माफीही सांगितली. हवालदार हसत हसत सगळं लिहीत गेले, आणि खाली मी ऐटीत सही केली.

अर्ज फेटाळला गेला. कागद अप्पांनी मलाच वाचायला दिला. 'दृष्टिदोष व शेजाऱ्याचा जबाब पाहता.'

"कोन असंल रं ह्यो शेजारी?" अप्पा म्हणाले.

अप्पांच्या उजवीकडं बंद गोदाम. मागं रेल्वेचा रूळ. समोर रस्ता. डावीकडं मी. मी म्हणालो, "काय की बुवा."

मला वाटलं, वही बंद होईल. ती जाडच झाली. नेम धरायच्या साधनांचा नवा भाग सुरू झाला. "बंदुकीच्या टोकाला माशी असती, मागं खाच. नजर माशीवर ठिवायची, निशाण धूसरच दिसायला पाहिजे, असं जानकार सांगतात. मंग माझे डोळे तर जन्मापासून तयार हायत!" लाल ठिपक्याची दुर्बीण बरी की अंधारात चमकणारी माशी बरी, यावर एक पावसाळा गेला. मी मान डोलवायचो. 

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी दुकानात बसून त्यांनी रस्त्यापलीकडची पाटी घडाघडा वाचली. "आता कोनाची ताकद हाय परवाना अडवायची!"

मला राहवलं नाही. "अप्पा, तो शेजारी मी होतो."

अप्पांनी गूळ फोडायचं थांबवलं नाही. वहीकडं बोट केलं. "शेवटचं पान उघड."

शेवटच्या पानात घडी केलेला कागद होता. माझा जबाब. बनियन, उंदीर, सगळं. खाली माझी ऐटबाज सही.

"अर्ज टाकून नक्कल काढली व्हती. त्याच महिन्यात."

"त्याच महिन्यात? मग सहा वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू लाजला असतास. लाजला असतास तर आला नसतास." गुळाचा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "मंग तुलना मी कोनासंगं करायची? भिताडासंगं?"

मी गूळ तोंडात टाकला. 

"बनियनचं चांगलं सांगितलंस पन," अप्पा म्हणाले. "एकटा असलो का काढून वाचतो. लय हसायला येतंय."

"आता नवा अर्ज कधी करायचा?"

"गडबड काय हाय? तुलना कुठं झालीय अजून!" त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

मी वही पुढं घेतली, कोरं पान काढलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तुलनेतलं काही आपणहून विचारलं, "अप्पा, आता लांबचं दिसतंय. मग दुर्बीण ठेवायची का खोडायची?"

 अप्पा "हीऽ हीऽ हीऽ" करून हसायला लागले, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काखेतल्या पट्ट्यानं गुदगुल्या झाल्या, म्हणाले.

पट्टा समोर खुंटीला टांगलेला होता.