राणीसाहेबांचं खारं पाणी

आमच्या शेजारचे किसनकाकाजी साऱ्या चिखलीला 'बे' म्हणत. त्यांच्या अडत दुकानावरच्या हमालाला बे, कापसाची गाडी घेऊन आलेल्या पाटलाला बे, आणि एकदा बाजाराची पाहणी करायला आलेल्या साहेबालाही, "सावलीत ये ना बे, ऊन काऊन खाऊन राह्यला?" असं म्हणून मोकळे झाले होते. या माणसाच्या घरातून एके सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "राणीसाहेब, आपली झोप झाली का?"

काकाजी विधुर. माझी तव्यावरची पोळी करपली. शाळेत मास्तर असलेल्या आमच्या यजमानांनी पेपरातून डोकं वर न काढता "बरं झालं" एवढंच म्हटलं.

मला अर्धवट माहितीवर दिवस काढता येत नाही. विरजणाचं निमित्त करून मी वाटी घेऊन शेजारी गेले. राणीसाहेब ओसरीवर एका काचेच्या पेटीत होत्या. दगडाला चिकटलेला तांबूस गोळा, वर झेंडूच्या पाकळ्यांसारखे हलणारे बारीक हात. समुद्रफूल. फूल फक्त नावाला, मुळात तो प्राणी. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत, हाडं नाहीत, आणि तोंड एकच. आत घ्यायचं ते तिथूनच, बाहेर टाकायचं तेही तिथूनच. चिखलीत साधं गोडं पाणी भरायला बायका पहाटे विहिरीवर भांडतात. तिथे समुद्राच्या पाण्यावर जगणारा जीव पाळायला माणूस एक तर शास्त्रज्ञ हवा, नाहीतर किसनकाकाजी.

राणीसाहेब आल्या कशा, तेही सांगते. काकाजींचा एकुलता एक मुलगा मधुकर मुंबईला एका गिरणीच्या कचेरीत होता. त्याने रत्नागिरीकडच्या सुलभाशी परस्पर लग्न केलं. ना पत्रिका, ना जात, ना बापाला विचारणं. महाराष्ट्र तेव्हा नवा होता. मुंबई आपली झाली म्हणून चिखलीत पेढे वाटले होते, पण मुंबईची सून घरात यावी इतका आनंद कुणालाच झाला नव्हता. दोघं आशीर्वादाला आली तेव्हा काकाजी उंबऱ्यात आडवे उभे राहिले. पाया पडू दिलं नाही. "आला तसा जाय बे," मुलाला म्हणाले. सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या मुलीच्या हातात रॉकेलचा धुतलेला डबा होता. माहेरच्या खडकावरचं समुद्रफूल, दगडासकट, समुद्राच्या पाण्यात घालून आणलेलं. दुसरी एखादी रडली असती. हिने डबा उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "मामंजी, एकदा बोट लावून बघा."

सारी आळी बघत होती. मीही होते, पण काकाजी पुढे ते पाळतील, तेही राणीसाहेब म्हणून, असं स्वप्नातही आलं नव्हतं. काकाजींनी, केवळ आपण भीत नाही हे दाखवायला, बोट घातलं. फुलाने ते धरलं. ओढलं तरी सोडेना. काकाजी तसेच वाकून उभे राहिले, आणि तेवढ्यात मुलगा नि सून बसस्थानकाकडे चालू लागली. मागे वळून सुलभा एवढंच म्हणाली, "दर महिन्याला ताजं पाणी लागेल त्याला. मी पाठवीन."

असा बापलेकांचा बोलण्याचा मार्ग बंद झाला आणि पाण्याचा सुरू झाला. काकाजींनी मधुकरला पत्र लिहायचं नाही अशी शपथ घेतली होती, ती त्यांनी पाळली. पण कापसाचे व्यापारी मुंबईला निघाले की काकाजी बाजारात त्यांना गाठत. "माह्या पोराले सांग, पाणी संपलं." मग मधुकर मुंबईच्या स्टेशनवर त्या व्यापाऱ्याच्या हवाली भरलेला डबा करी, आणि तो बिचारा मलकापूरपर्यंत रेल्वेत आणि तिथून पुढे एसटीत, मांडीवर समुद्र घेऊन येई. डब्यासोबत बातम्याही येत.

"काकाजी, मधुकरनं खोली बदलली म्हणे."

"मले काय करायचं? पाणी सांडलं का ते सांग."

"सुनेले सरकारी शाळेत नोकरी लागली."

"मी इचारलं का तुले?" एवढं म्हणून काकाजी त्याला दुसरा चहा पाजत. बातमी नसली तर एकच पाजत.

राणीसाहेबांची बडदास्त मी स्वतः पाहिली आहे. पेटी गावच्या सुताराने केलेली, सांध्यांत डांबर भरलेलं. पाण्यात हवा सोडायला पंप हवा, आणि वीज तर पाहुण्यासारखी यायची. म्हणून सायकलवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब फुगवून आणायची, तिला डॉक्टरांकडून मागून आणलेली सलाईनची नळी जोडायची, आणि चिमटा लावून हवा बुडबुडा बुडबुडा सोडायची. ट्यूब बसली की काकाजी ती गळ्यात घालून पुन्हा सायकलच्या दुकानी निघत. लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या गळ्यातला हार एवढा मोठा नसतो.

आहाराचा प्रश्न त्याहून बिकट. काकाजी माळकरी, घरात अंडं नाही. आधी राणीसाहेबांना शिजलेला भात दिला. त्यांनी तो रात्रभर विचार करून परत केला. मग डाळ. मग शिऱ्याचा प्रसाद, तोही परत. शेवटी काकाजी आठवडी बाजारात सुकटवालीपुढे उभे राहिले, गळ्यातली माळ सदऱ्यात खुपसून, नाकाला उपरणं लावून. ती बाई मोठ्याने म्हणाली, "काकाजी तुम्ही? मूठभर देऊ का किलोभर?" अख्ख्या बाजाराने ऐकलं. "घरच्यांले पायजे," काकाजी म्हणाले. सुकट भिजवून, एकेक चिमटीने भरवताना त्यांचं तोंड इतकं वाकडं व्हायचं की खाणारं कोण आणि भोगणारं कोण ते समजू नये.

मी त्यांना पुष्कळ सूचना केल्या. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा गोडंच पाणी घाला, मीठ काही उडून जात नाही. काचेवर खूण करा. पेटीवर ओलं पोतं टाका. त्यांनी सगळं ऐकलं, कारण सूचना राणीसाहेबांबद्दल होत्या. "मुलाला दोन ओळी लिहा" ही सूचना त्यांना ऐकू गेली नाही. कान त्या बाजूने जरा जडच होते.

आणि मग त्या वर्षीच्या भर उन्हाळ्यात सुलभा माहेरी गेली, मधुकर एकटाच खोलीवर, आणि डबा आला नाही. पेटीतलं पाणी गढूळ व्हायला लागलं. काकाजी बाजारातून बाजारात फिरले, पण त्या दिवसांत कापसाचं काम थंड, मुंबईला कोण जाणार? एका सकाळी ते दोन घागरी घेऊन निघालेले दिसले.

"कुठे, काकाजी?"

"लोणारले. तिथलं पाणी खारं नाई का? खारं ते खारं."

आता लोणारचं पाणी खारं आहे, हे आमच्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण ते सोड्याचं खारं. हाताला बुळबुळीत लागतं, वास मारतं, आणि त्याच्या खारावर आमचे पापड फुलतात. मी म्हटलं, "अहो, त्या खाराने डाळ शिजते! राणीसाहेब शिजतील."

"तुमचं सगळं सैपाकघरातूनच निंगते मास्तरीणबाई," म्हणून काकाजी मेहकरच्या गाडीत चढले. तिथून पुढे लोणार. सरोवराच्या काठापर्यंत खाली उतरून, दोन भरल्या घागरी घेऊन तो चढ चढून, या वयात, मे महिन्यात. घरी आले तेव्हा बोलायलाही दम नव्हता. पाणी मात्र सांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पेटीवर ओल्या पोत्याचा पडदा पडला. "ऊन सोसत नाई त्याहीले. मिटून बसल्या," काकाजी सांगत. कुणाला पाहू देत नसत. पावसाळा आला, ऊन गेलं, पडदा राहिला. सुलभा मुंबईला परतली, डबे सुरू झाले. ट्यूब गळ्यात घालून काकाजींची फेरीही चालूच. फक्त सकाळचं "आपली झोप झाली का?" मला ऐकू येईनासं झालं. भिंत तीच होती. माझे कानही ठीक होते.

श्रावणात काकाजींना अमडापूरला नात्यातल्या मयतीला जावं लागलं. जाताना म्हणाले, "पोतं तेवढं ओलं ठेवा. उचलू नका." ओलं करायचं तर नीट करावं, म्हणून मी उचललं.

पाणी काचेसारखं स्वच्छ. ताजं, मुंबईचं. बुडबुडे संथ वर येत होते. मध्ये दगड. दगडावर काही नाही.

संध्याकाळी ते परतले.

"ओलं ठेवलं?"

"ठेवलं."

"राणीसाहेब?"

मी यादीतली कामं चोख करणारी बाई. खोटं बोलणं माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. "मिटून होत्या," मी म्हटलं.

काकाजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "हाव," म्हणाले. "आजकाल मिटूनच राह्यतात." आणि ट्यूब दाबून पाहू लागले, हवा पुरेशी आहे का ते.

दिवाळीच्या तोंडावर डबा घेऊन आलेल्या व्यापाऱ्याने बातमी दिली, "मधुकर नि सूनबाई येऊन राह्यले. राणीसाहेब पाहायले."

काकाजींनी त्याला दुसरा चहा विचारलाच नाही. दोन दिवस दुकान उघडलं नाही. घर झाडलं, ओसरी सारवली, पेटीची काच चिंचेने घासली. चिंच काचेला नसते, पितळेला असते, हे सांगायचं मी टाळलं. लोणारला नेलेल्या त्या दोन घागरी त्यांनी कुठे लपवल्या देव जाणे. दोघं आली तेव्हा काकाजी उंबऱ्यात नव्हते. पेटीच्या पुढे उभे होते, दोन्ही हात मागे पसरून, त्या काचेला कुणी मारायला येत असल्यासारखे.

"जरा लाजल्या त्या," सुनेला म्हणाले. आवाज बाजारातला नव्हता. "नवी माणसं..."

सुलभाने पोतं उचललं. खडकांवर वाढलेली मुलगी ती, तिला दगड आणि फूल यांतला फरक मी सांगायला नको. ती वाकून पाहत राहिली. मधुकरने पाहिलं आणि तोंड उघडलं. सुलभाने त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला, मी पाहिला.

"मिटलंय," ती म्हणाली. "होतं असं, मामंजी. पाणी मात्र बदलत राहायला हवं." मग पोतं पुन्हा अंथरून, कडा नीट बसवत म्हणाली, "दर महिन्याला दुसऱ्यांच्या गळ्यात कशाला? जमेल तसं आम्हीच आणत जाऊ."

ती पाया पडायला वाकली. काकाजी या वेळी सरकले नाहीत. हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तो बराच वेळ तिथून निघेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते. भिंतीपलीकडून जुना आवाज आला, "आपली झोप झाली का?"

आणि या खेपेला उत्तर आलं. "झाली, मामंजी. चहा ठेवू?"