डब्याची बाजू

"उद्या माझा तास बघून हेडमास्तर थक्क होतात की नाही, बघाच!" असं नवऱ्याला ठणकावून सांगून बाई झोपल्या होत्या. सकाळी कविता घोकतच त्या घरातून सुटल्या. नोकरी अजून कच्ची होती. आजचा तास पसंत पडला तर कायम, नाहीतर हातात नारळ!

कविता साधीच. एक उपाशी चोर म्हातारीच्या स्वयंपाकघरातून डबा पळवतो आणि तिचा कुत्रा भुंकतच नाही. सांगणारा बदलला की तीच गोष्ट निराळी होते, हे बाईंना शिकवायचं होतं. म्हणून त्यांनी पात्रं वाटली. वर्गातला दांडगोबा चोर झाला, मागच्या बाकावरचा झोपाळू कुत्रा झाला. पहिल्या बाकावरच्या एवढ्याशा पोरीच्या, चिमणीच्या, वाट्याला डबा आला आणि तिचं तोंड उतरलं.

"बाई, डबा काय बोलणार?"

"विचार कर, सुचेल! आणि सगळ्यांनी ऐका. घंटा होईपर्यंत तुम्ही म्हणजे तुमचं पात्र. छप्पर कोसळलं तरी पात्र सोडायचं नाही!"

छप्पर कोसळलं नाही, हेडमास्तर आले. तेही लालबुंद होऊन.

"माझ्या खोलीतून माझा डबा गायब झालाय! कोणी नेला?"

दांडगोबा ताडकन उभा राहिला. "मी नेला!"

हेडमास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"का नेलास?"

"पोटात आगडोंब उसळला होता, मालक!"

"हे कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं," झोपाळू उठला. "पण यानं मला अर्धा तुकडा दिला, म्हणून गप्प बसलो."

"लाच? माझ्या शाळेत लाच?"

"सर, तो 'मी' म्हणजे तो नव्हे हो!" बाई काकुळतीला आल्या. "तो कवितेतला..."

"मी म्हणजे कोण, हे मला शिकवता? पोरगा स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय! याच्या वडिलांना बोलवा. आणि बाई, तुमचंही आज बघतोच!"

"अरे, सांग ना खरं काय ते!" बाई दांडगोबावर ओरडल्या.

"बाई, अजून घंटा कुठे झालीय?"

नारळ बाईंना समोर दिसू लागला. तेवढ्यात दारात हेडमास्तरांच्या पत्नी उभ्या राहिल्या. हातात डबा!

"अहो, घरी टेबलावरच विसरून आलात! मागून हाका मारून घसा बसला माझा."

हेडमास्तर छताकडे बघू लागले. मग चिमणीने हळूच हात वर केला.

"मी डबा. मी कुठेही गेलो नव्हतो. मालकच मला सोडून गेले!"

आधी पत्नी हसल्या, मग वर्ग फुटला आणि शेवटी हेडमास्तरांनाही हसू आवरेना.

"बाई, तुम्ही कायम," ते डोळे पुसत म्हणाले. "पण पुढच्या वेळी कविता फुलाबिलांची घ्या."

बाईंचा जीव भांड्यात पडला. हेडमास्तरांच्या विसरभोळेपणावर हसत हसतच त्या घरी पोचल्या. नवरा ओट्याकडे बोट दाखवत म्हणाला, "अगं, तुझा डबा दिवसभर इथेच पडलाय."

बाईंना एकदम कडकडून भूक लागली.

"काही बोलला का तो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.